कण्हेरीचं वळण

बिरदेव आठ दिवस घरात आला नव्हता, आणि एवढ्या माणसांच्या घरात ही गोष्ट फक्त आईला खटकली होती.

आला नव्हता म्हणजे कुठं निघून गेला होता असं नाही. राहू गावातच होता, अंगणातच होता. बाहेरच्या बाजेवर झोपायचा, हौदावर अंघोळ करायचा, ताट बाहेर मागून घ्यायचा. विचारलं तर म्हणायचा, आत गुदमरतंय. दोन हजार एक सालचा माघ, पहाटे हाताची बोटं वळत नव्हती, आणि याला म्हणे गुदमरतंय. रांजणगावच्या कंपनीत कंत्राटावर सात महिने काढल्यावर त्याला ब्रेक दिला, म्हणजे घरी बसवलं होतं, तेव्हापासून माझा हा धाकटा भाऊ तिरसटलाच होता. म्हणून आबांनी मनावर घेतलं नाही. मी तर नाहीच घेतलं. मला वाटलं, बरं झालं, खोली एकटीला मिळाली. आईनं मात्र एक दिवस फळीवरचा डबा काढायला मुद्दाम त्याला हाक मारली. तो दारापर्यंत आला, थांबला, "धने, तू काढ की," म्हणून माझ्यावर ढकलून परत गेला. आईनं त्याच्या पायांकडं पाहिलं. उंबऱ्यापासून चार बोटं अंतर राखून ते थांबले होते, असं ती पुढं कितीदा तरी सांगायची.

त्यानंतर दोनच दिवसांनी कातरणी आली.

आमच्या आज्याच्या मागं सातशे मेंढरं चालायची. आबांनी राहूत ऊस लावला तोवर चाळीस उरली होती. चाळीस मेंढरं कातरायला कितीशी माणसं लागतात? पण कातरणी म्हटली की गणगोत जमणारच. आज तुमची, उद्या आमची, अशी सावडीनं कामं चालायची आणि दुपारी मटणावर आडवा हात मारायचा. आदल्या दिवशी मेंढरं नदीत धुऊन आणलेली. अंगणात ताडपत्री टाकली होती. निमोण्याहून हौशीराममामा आला, आईचा भाऊ, तोंडानं फाटका पण कातरीला एक नंबर. मामाचं आणि आबांचं कधीच पटलं नाही. ताडपत्री कुठल्या कडेनं ओढायची यावरून सकाळीच दोघांची जुंपली होती. बानूआत्या, आबांची थोरली बहीण, चौसष्ट वर्षांची, काळी लोकर एकीकडं आणि पांढरी एकीकडं करत मधोमध बसली होती. तिला लिहितावाचता येत नव्हतं, पण आज्याच्या मागं ती लग्न होईपर्यंत चालली होती आणि त्या चालण्यातलं काही विसरली नव्हती.

आणि दौंडहून खंडूआप्पा आले होते, आबांचे थोरले भाऊ. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. रेल्वेच्या पार्सल ऑफिसात छत्तीस वर्षं काढून वर्षापूर्वीच निवृत्त झालेले. बाराव्या वर्षी भर पावसात मेंढरांमागं चालताना त्यांनी आज्याला सांगितलं होतं म्हणे, मला छप्पर पाहिजे. आणि शाळेला पळाले ते पुन्हा तळावर आलेच नाहीत. दौंडला त्यांनी दोन खोल्यांचं स्लॅबचं घर बांधलं. काकू गेली, मूलबाळ नाही, तरी त्या स्लॅबवर त्यांचा कोण जीव. आमच्याकडं आले की बाजेवर पाय वर घेऊन बसायचे, लेंड्या लागू नयेत म्हणून. आईला ते मनातून आवडायचे नाहीत. थोरला दीर म्हणून ती त्यांच्याशी सव्वीस वर्षांत कधी समोरासमोर बोललीही नव्हती. पदर ओढून माझ्याकडं बघायची आणि म्हणायची, "आप्पांना चहा पायजे का इचार."

तो कागद मामानं आणला होता. शिरूरच्या स्टँडवर आणि कंपनीच्या बसथांब्यांवर कुणीतरी चिकटवत होतं, त्यातला एक सोलून खिशात घातला होता. कातरताना करमणूक म्हणून त्यानं तो माझ्यापुढं टाकला. धनश्री, तू शिकलेली, वाच जरा, कुणाचं डोकं फिरलंय बघू दे सगळ्यांना.

बिरदेव तेव्हा एक काळी मेंढी गुडघ्यांखाली धरून कातरत होता. त्यानं मान वर केली नाही.

मी वाचायला लागले. वरती मोठ्या अक्षरात 'माळराष्ट्र' असं छापलं होतं. आमचं पाणी नेणाऱ्यांनो, आमच्या जमिनीवर कारखाने उभारून आम्हाला गेटबाहेर ठेवणाऱ्यांनो, आजपासून आमचा तुमच्याशी संबंध संपला, असं सुरू होत होतं. भीमा आणि घोड या दोन नद्यांमधला माळ हा स्वतंत्र देश आहे, म्हणे. मामा हसायला लागला. राजधानी कुठं रं, निमोण्यात ठेवा, म्हणाला. आबाही हसले. दोघं एका गोष्टीला हसल्याचं मी तरी पहिल्यांदाच पाहत होते.

मग सीमा आली. मी वाचलं, "आमच्या राष्ट्राची सीमा उंटखडकापासून निघेल, तीन तोंडांच्या बारवेला डावी घालील आणि तिथून..."

"सटवीच्या डगरीला," आत्या म्हणाली.

तिचं लक्ष लोकरीत होतं. मी कागदावर पाहिलं. सटवीची डगर, असंच होतं. मी वाचायचं थांबले तर ती स्वतःशीच पुढं बोलत राहिली, "मग भुताची चिंच. मग पिवळा वढा उतरायचा, आन् बयाबाईच्या लिंबांखाली दोन दिस मुक्काम." माझं बोट तिच्या बोलण्यामागून ओळीवर सरकत होतं. एकही नाव चुकलं नाही. क्रम चुकला नाही. ही नावं गावोगावच्या लोकांची नव्हतीच. उंटखडकाला तिथले लोक काहीतरी वेगळंच म्हणतात. बयाबाई ही एक विधवा बाई होती, तिनं आज्याच्या मेंढरांना आपल्या विहिरीवर पाणी पाजू दिलं म्हणून तिच्या शेतातल्या लिंबांना आमच्या घरानं ते नाव दिलं होतं. ही आज्याची वाट होती. कालवे आले, ऊस आला, आणि ती वाट मोडली. आबांनासुद्धा ती पूर्ण येत नव्हती.

आत्यानं हातातली लोकर खाली ठेवली. "धने, माझ्या बाची वाट त्या कागदात कुणी घातली?"

मामाची कातर थांबली. आत्याला सोडून ती वाट जिवंत माणसांत आणखी एकालाच माहीत होती. आम्ही सगळ्यांनी बाजेकडं पाहिलं.

आप्पांनी पाय खाली घेतले. सरळ लेंड्यांत. माझ्या हातातला कागद घेतला, चष्मा लावला, वाचला, उलटून पाठीमागं पाहिला. मग त्यांनी जे सांगितलं ते इतक्या हळू सांगितलं की मामाला दोनदा विचारावं लागलं.

"ह्ये मी लिव्हलंय. नऊ वर्सं झाली."

पार्सल ऑफिसात रात्रपाळीला दोन गाड्यांमध्ये तास तास मोकळे मिळायचे. स्टेशनवरच्या बुकस्टॉलवर शहाण्णव पानी कादंबऱ्या यायच्या, चित्राच्या वेष्टणाच्या. गाडी येईपर्यंत लोक घ्यायचे आणि उतरताना बाकावर टाकून जायचे. आप्पा त्या गोळा करून वाचायचे. वाचता वाचता त्यांना वाटलं, एवढं तर मलाही जमेल. रद्द झालेल्या पार्सल पावत्यांच्या पाठीवर त्यांनी पाच कादंबऱ्या लिहिल्या. नाव घेतलं मेजर वज्रनाभ. हा माणूस आयुष्यभर बंदूक लांबून बघूनही घाबरायचा, आणि नाव काय घेतलं, तर मेजर वज्रनाभ. घरात कुणाला पत्ता नाही. काकूला माहीत होतं, ती गेली.

तिसरीच्या वेळी पुण्याच्या प्रकाशकानं कळवलं, बंडखोर पोरं पाहिजेत, एखादा नवा देश पाहिजे, शेवटी काहीतरी उडालं पाहिजे. आप्पा विचारात पडले. देश म्हटला की सीमा आली. "आन् मला तर जगातली एकच वाट पाठ व्हती," ते म्हणाले. देश म्हटला की कायदे आले, मग आज्याच्या तळावरचे कायदे घातले. देवी पाहिजे होती, तर बयाबाईला देवी केलं. शपथ पाहिजे होती, तर आमची भंडाऱ्याची शपथ घातली. आणि उडवायला काय, तर खिडकीतून रोज दिसणारा भीमेवरचा रेल्वेपूल होता. पुस्तक निघालं, महिन्याभरात स्टॉलवरून गेलं, आणि आप्पा विसरून गेले.

ते सांगत होते आणि मी त्यांच्याकडं बघत होते. बाजेवर पाय घेऊन बसणारा हा माणूस. याच्या एका रिकाम्या रात्रीत सुचलेला देश नऊ वर्षांनी शिरूरच्या स्टँडवर चिकटवला जात होता. मला त्यांची भीती वाटली, खरंच सांगते, आणि त्या भीतीत अभिमानही होता.

तेवढ्यात मेंढी ओरडली. बिरदेवची कातर तिच्या कातड्यात घुसली होती. बोटभर लांब चीर पडली होती आणि रक्त येत होतं. बिरदेवच्या हातून असं कधी झालं नव्हतं. त्यानं मेंढी सोडली आणि उभा राहिला.

"खोटं हाय," तो म्हणाला. "मेजरसाहेब तुरुंगातच वारले."

आता अंगणातलं प्रत्येक माणूस त्याच्याकडं वळलं. त्याच्या मनात तेव्हा काय चाललं होतं ते त्यानं मला फार वर्षांनी सांगितलं. शिरूरला एका झेरॉक्सच्या दुकानामागं स्वराज नावाचा माणूस भरतीचा क्लास चालवायचा. पोरांना पळवायचा, दंड काढून घ्यायचा आणि मग बसवून शिकवायचा. ते पुस्तक त्याच्याकडं होतं, वेष्टण फाटलेलं. सर सांगायचे, मेजर वज्रनाभ हे खरे फौजी, त्यांना सत्य सांगायची बंदी होती म्हणून त्यांनी ते कादंबरीत दडवलं, आणि त्यासाठी ते कोठडीत मेले. दर रविवारी सात पोरं त्यांच्यासाठी एक मिनिट उभी राहायची. बिरदेव सरांसाठी गेला नव्हता, पुलासाठी तर नाहीच. त्या पुस्तकातल्या कायद्यांमधला पहिला कायदा होता, पाण्यावर पहिला हक्क लंगड्याचा. नुकतंच त्याला कंपनीच्या गेटबाहेर काढलं होतं. ते वाक्य वाचून तो दुकानामागं बसून रडला होता. आता अंगणात त्यानं तेच वाक्य म्हणून दाखवलं.

"त्यो तर आपल्या बाचा नेम," आत्या म्हणाली. "लंगडं मेंढरू आधी पाण्यावर लावायचं. मागनं आलं तर त्याला गाळच मिळतो."

बिरदेव हट्टाला पेटला. खरे असाल तर सांगा, म्हणाला, भुताच्या चिंचेपुढं सीमा एवढी आत का वळते? दीड कोस आत जाऊन पुन्हा बाहेर येते, नकाशाचं पोट आत गेल्यावाणी. त्या वळणावर सरांनी चार रविवार शिकवलं होतं. शत्रूला तिथं खोलात ओढायचं आणि दोन्ही बाजूंनी दाबायचं, मेजरसाहेबांची फौजी अक्कल त्या एका वळणात आहे, असं सरांचं म्हणणं. पोरांनी तिथं जाऊन माती कपाळाला लावली होती.

उत्तर आत्यानं दिलं.

"कण्हेर व्हती रं तिथं. बांधानं समदी कण्हेर. मी दहा वर्सांची आसंन. मेंढरांनी पाला खाल्ला, अकरा मेली एका दिसात. तवापासनं आमचा बा तिकडनं गेला न्हाई. आत वळायचा."

बिरदेव आप्पांकडं वळला. आप्पांनी मान हलवली. व्हय, म्हणाले, कण्हेरच. लिहिताना हात आपोआप वळला. बिरदेव मटकन खाली बसला, लोकरीच्या ढिगावर. चार रविवार ज्या वळणापुढं त्यानं श्वास रोखून धरला होता, ते अकरा मेलेल्या मेंढरांचं होतं. आणि मी पाहिलं, त्याच्या डोळ्यांतली श्रद्धा गेली नव्हती. ती जाग्यावरच होती, फक्त आता तिला आप्पांचं तोंड आलं होतं, आणि ते त्याला सोसवत नव्हतं.

"धने," आई म्हणाली, "कागद फुडं वाच."

ती चुलीपासून उठून कधी आली ते कळलंच नाही. मी शेवट वाचला. काळं घोंगडं अंथरून, भंडारा उचलून आम्ही शपथ घेतली आहे, की माळराष्ट्र उभं राहीपर्यंत आमच्यापैकी एकही कुठल्याच घराचा उंबरा ओलांडणार नाही.

आई बिरदेवसमोर जाऊन बसली. ओरडली नाही, रडली नाही. त्याच्या गळ्यातला दोरा हातानं बाहेर काढला. टोकाला पिवळ्या फडक्याची पुरचुंडी होती. एवढंच विचारलं, कवा? तो म्हणाला, आज. दिवस मावळता. पुलाखाली, सातही जण. आमच्या विहिरीचं काम चालू असल्यामुळं कुणाला संशय येणार नाही म्हणून सुरुंगाच्या कांड्या त्याच्याकडंच ठेवायला दिल्या होत्या. कडब्याच्या गंजीत. पुलावरून गाडी जाईल की नाही ते त्यानं विचारलं नव्हतं. पुस्तकातल्या पुलावर गाडी नव्हती.

मग जे झालं त्याला भांडण म्हणायचं की सभा, मला अजून ठरवता आलेलं नाही. आबा आणि मामा जन्मात पहिल्यांदा एका बाजूला आले. पोराला खोलीत कोंडायचं, कांड्या नदीत टाकायच्या आणि तोंड बंद ठेवायचं. मामानं तर दोर आणला. बिरदेव शांतपणे म्हणाला, कोंडा, पण उंबऱ्यावरनं उचलून न्यावं लागेल, आणि सुटलो की जाईन. भंडारा उचललाय मी. आणि इथं आबांचे हात खाली आले. मी शिकलेली आहे, मला हसू यायला हवं होतं. पण आमच्यात भंडारा उचललेल्या माणसाला बापसुद्धा अडवत नाही. आज्याच्या बापानं एकदा भंडारा उचलून मीठ सोडलं होतं आणि मरेपर्यंत अळणी जेवला. अशा घरात तो वाढला होता. स्वराज सरांना हे काय माहीत? त्यांनी पुस्तकात होती म्हणून शपथ दिली. ती खऱ्या अंगावर जाऊन बसली.

"त्यो उतरवता येतो," आत्या म्हणाली. "ज्यानं शपथ दिली त्यानं हातात परत घ्यायचा आन् सोताच्या कपाळाला लावायचा. मग शपथ त्याच्यावर."

मामा म्हणाला, मग त्या स्वराजला धरून आणू. आत्यानं मान हलवली.

"त्यानं नुसतं वाचलं. शबुद खंडूचा हाय."

आप्पा उठले. घाबरलेल्या माणसासारखे भराभर बोलायला लागले. अक्का, ती गोष्ट होती, म्हणाले, मनची गोष्ट. माणसं गाडीत बसून वाचतात आणि टाकून देतात. मी कुणाला पूल उडव म्हणालो नाही. मला स्वतःला त्या पुलाचं पुढं काय होतं तेही ठाऊक नव्हतं, शहाण्णव पानं भरली म्हणून थांबलो. असं लिहिणाऱ्यावर शपथा यायला लागल्या तर कुणी लिहायचंच नाही का? खरं तर ते बरोबरच बोलत होते.

ते बोलायचे थांबले तेव्हा आईनं पदर मागं सारला. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा ती त्यांच्या तोंडाकडं बघून बोलली.

"आप्पा, तुमी लिव्हलेलं माझ्या पोरानं खरं मानलं. तुमी का मानत न्हाई?"

आप्पांनी घराच्या दाराकडं पाहिलं, आमच्या साध्या सागवानी उंबऱ्याकडं. तेव्हा मनात काय आलं ते त्यांनी पुढं एकदाच मला सांगितलं. दौंडच्या दोन खोल्या आल्या. चुन्याचा हात दिलेली भिंत, काकूचा फोटो, पावसाळ्यात खाटेवर पडून वरच्या स्लॅबवर थेंब वाजताना ऐकायचं सुख. बाराव्या वर्षी ज्याच्यासाठी पळालो ते सगळं.

"घोंगडं आण, हरिबा," ते आबांना म्हणाले.

आबांनी ताडपत्रीवर आज्याचं काळं घोंगडं अंथरलं. इस्त्रीच्या शर्टातले आप्पा त्यावर मांडी घालून बसले आणि दोन्ही हातांची ओंजळ पुढं केली. बिरदेव त्यांच्यासमोर बसला. दोऱ्याची गाठ त्याला सुटेना, शेवटी आत्यानं सोडवली. भंडारा ओंजळीत पडला. आप्पांनी तो कपाळाला लावला, उरलेला डोक्यावर टाकला. पांढरे केस पिवळे झाले. मी तेव्हा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते, देवधर्म मानत नव्हते, आणि माझ्या अंगावर काटा उभा राहिला होता.

मग आप्पाच म्हणाले, "सात जण हायत न्हवं? चल."

पुलावरचं मी पाहिलेलं नाही. आबांनी मामाच्या मोटारसायकलवर आप्पांना नेलं, मामा बिरदेवला घेऊन मागून कुणाच्या तरी गाडीवर गेला. कांड्या आधी पोलिसांत दिल्या, विहिरीच्या कामातून उरल्या म्हणून, आप्पांनी स्वतःचं नाव लिहून. उन्हं कलायच्या सुमाराला ते पुलाखाली पोचले. सहा पोरं आणि स्वराज तिथं होते. आबा सांगायचे, तुझ्या आप्पानं भाषण केलं नाही. नदीच्या वाळूत बसला, काटकीनं आज्याची वाट काढली, आणि प्रत्येक मुक्कामाला काय झालं ते सांगत गेला. इथं बयाबाईनं बानूला गूळ दिला. इथं अकरा मेंढरं मेली. पोरं उभी होती, ती हळूहळू खाली बसली. एक पोरगा बयाबाई दिसायला कशी होती ते विचारायला लागला. वरून मालगाडी गेली, लांबलचक, आणि ती जाईपर्यंत सगळे मान वर करून तिच्याकडं बघत राहिले.

चौघांनी भंडारा परत केला. दोघांनी केला नाही. स्वराजनं सगळं ऐकून घेतलं आणि आप्पांना नमस्कार केला. मग म्हणाला, "पुस्तक तुमी लिव्हलं, मान्य. पर आता ते तुमचं न्हाई." तो त्या दोघांना घेऊन गेला आणि वर्षभरानं दुसऱ्याच एका गुन्ह्यात सापडला. आप्पा ते वाक्य कधी विसरले नाहीत. त्यात खरं किती आणि खोटं किती, याचा ते शेवटपर्यंत विचार करत असायचे.

दिवेलागणीला सगळे परत आले. बिरदेव अंगणात आला, दारापाशी थांबला, आणि मग आत गेला. आई त्याच्या मागं गेली. मग आईनं पाट मांडला, थोरल्याचा मानाचा पाट, आणि बाहेर येऊन म्हणाली, आप्पा, हातपाय धुवा, चला.

आप्पांच्या केसांत अजून भंडारा होता. ते उंबऱ्यापाशी आले आणि चार बोटं अलीकडं थांबले.

"म्हाळसा," ते आईला म्हणाले, "ताट हितंच दे."

आम्हाला वाटलं, आजच्यापुरतं असेल. दौंडच्या घराला त्यांनी कुलूप लावलं, किल्ली आबांकडं दिली. आमच्या मेंढरांच्या वाघरीशेजारी, जाळीच्या कुंपणाला लागून, त्यांनी बाज टाकली. ज्या माणसाला लेंड्यांचा वास सोसत नव्हता तो पाच वर्षं तिथं झोपला. पावसात घोंगड्याची खोळ करून बसायचे. आबांनी हातापाया पडून पाहिलं, मी वाद घालून पाहिला. आप्पा, तो देश काय उभा राहणार नाही, मग हे किती दिवस? ते हसायचे. म्हणायचे, पोरी, मला माहीत हाय की. पण मी ती ओळ फुकट लिहिली होती, आता तिची किंमत देऊन बघतोय. बिरदेवचं लग्न लागलं ते आम्ही मुद्दाम उघड्या रानात लावलं, मांडवाला दारच ठेवलं नाही, म्हणून आप्पांना अक्षता टाकता आल्या.

दोन हजार सहाला आबांनी नवं घर काढलं. गवंडी शिरूरचा, हुशार माणूस. चौकट बसवायच्या दिवशी बिरदेव त्याच्याजवळ जाऊन बराच वेळ काही बोलला. गवंडी दोनदा डोकं खाजवून म्हणाला, असं कुठं असतंय का हो, साप-किरडू आत यायचं. बिरदेव म्हणाला, येऊ द्या.

वास्तुशांतीच्या दिवशी आप्पा सगळ्यांच्या मागून दारापर्यंत आले. एकसष्ट वर्षांचे होते ते आता सहासष्टचे झाले होते, काठी आली होती. सवयीनं चार बोटं अलीकडं थांबले आणि खाली बघितलं. अंगणातली फरशी सरळ घरात गेली होती. मध्ये काहीच नव्हतं. ते खाली बसले. जिथं उंबरा असायला हवा तिथं त्यांनी तळहात फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, दोनदा.

"ह्ये कुणी सुचवलं?" त्यांनी विचारलं.

"मी," बिरदेव म्हणाला.

आप्पांनी त्याच्याकडं पाहिलं. मग काठी भिंतीला टेकवली, चपला काढल्या आणि आत गेले. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, ती तोंडाला पदर लावून रडायला लागली. आप्पा मधल्या खोलीत उभे राहून वर स्लॅबकडं बघत राहिले. कुणी त्यांना बसा म्हणालं नाही.

आमच्या घराला अजून उंबरा नाही. नवीन माणूस आला की विचारतो. पावसाळ्यात अंगणातलं पाणी आत येतं, आणि आई ते पुसून काढते.